एकशे बारा पौंडांचं शंभर

बीम पडला तेव्हा मी कतारमधल्या लुसैलच्या ऑफिसात एसीखाली स्वेटर घालून बसले होते. हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी तू कुठे उभी होतीस असं कुणी विचारलं, तर उत्तर एवढंच आहे: उभी नव्हते, बसले होते. आणि ज्या आकड्यावर विश्वास ठेवून तो बीम वर गेला, तो आकडा माझा होता.

मी नाशिकची. कॉलेजात असल्यापासून एका ग्राहक संघटनेचं काम केलं. काम म्हणजे वजनकाटे तपासायचे आणि पत्रकं लिहून वाटायची. पोकळ मापं, पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, बाजार समितीत प्रत्येक क्विंटलमागे गुपचूप कापली जाणारी दोन किलोंची कटती, या सगळ्यावर मी पत्रकं लिहिली आहेत. पत्रक लिहायला शिकायचं म्हणजे ‘कदाचित’ हा शब्द विसरायचा. आम्हाला शिकवलंच तसं. शंका असेल तर वाक्य काढ, वाक्य ठेवायचं असेल तर शंका काढ. ‘हा दुकानदार बहुधा चोर असावा’ असं छापून चौकात वाटता येत नाही. चार वर्षं मी शंका काढत राहिले. ‘बघून सांगते’ हे दोन शब्द माझ्या तोंडातून जायचेच बंद झाले.

मग दोन वर्षांच्या करारावर कतारला आले. एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, नोंद करायची, जागेवर ठेवायचा. इथे पत्रकं वाटत नाहीत, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. अल मन्सूरात दोन मुलींबरोबर एक फ्लॅट घेतला, खाली केरळी किराणा, समोर मेट्रो. भाजीवाल्याच्या काट्याकडे बघायची खोड मात्र गेली नाही. एकदा त्याचा काटा वीस ग्रॅम पुढे होता. मी दाखवलं. त्याने हसून दोन मिरच्या जास्त टाकल्या. माझी चळवळ तेवढीच उरली होती.

महिन्यातून दोनदा मला कंपनीच्या यार्डात जावं लागे. शहराच्या दक्षिणेला, बिरकत अल अवामेरच्या वाटेवर. तिथे सामान उचलायच्या साधनांचं रजिस्टर ताडून बघायचं असे. तिथेच मामा भेटले.

मामा परभणीकडचे, पन्नाशी उलटलेले, रिगरांचे फोरमन. रिगर म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधणारा, इशारा देणारा, वर गेलेलं ओझं खाली येईपर्यंत त्यावरून नजर न काढणारा माणूस. क्रेन चालवणारा काचेत बसलेला असतो, त्याला जमीन नीट दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे रिगर. मामांना यार्डातले सगळे मामाच म्हणत. फिलिपिनो ऑपरेटरसुद्धा वरून हाक मारायचा, “मामा, ओके?” मामा अंगठा वर करायचे. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक बोल्टही पडला नव्हता. हे मामा स्वतः कधी सांगत नसत, यार्ड सांगायचं.

यार्डाची एक रीत होती. हुक, साखळी, बीम, काहीही असो, त्यावर किती वजन झेपेल ते पिवळ्या रंगाने, किलोत, वीतभर उंचीच्या आकड्यांत रंगवायचं. लोखंडावर ठोकलेला मूळ इंग्रजी शिक्का कुणी वाचत नसे. पाच देशांची माणसं, त्यांतली निम्मी आपल्याच भाषेत अडखळणारी. पण आकडा सगळ्यांना कळतो. मामांनी पिवळा आकडा घातला की खलास, पुढे चर्चा नाही.

थंडीच्या सुरुवातीला कंपनीने एका बंद पडलेल्या जुन्या वर्कशॉपचं उचलायचं सामान घेतलं. आठ नग होते. त्यांत एक लांबलचक बीम. दोन टोकांना साखळ्या लावून मधे हुकाला अडकवायचा, म्हणजे लांब पाइप आडवे उचलता येतात. मामांनी शिक्क्याचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला.

“ताई, बघितलास का फोटो?”

“बघितला. किती जुना आहे हो हा?”

“जुना हाय पर लई दणकट. त्येच्यावर तीस लिवलंय आन् म्होरं सी, डब्ल्यू, टी. हे काय नवीनच काढलं?”

“सी म्हणजे शंभर, रोमन आकडा. डब्ल्यूटी म्हणजे वजन.”

“शंभराचं वजन.”

“म्हणजे क्विंटलच की मामा. तीस क्विंटल.”

“तीन हजार किलो?”

“तीन हजार.”

“पक्कं ना? का साहेबाला इचारू?”

“साहेबाला काय विचारायचं त्यात? बाजार समितीच्या दारात चार वर्षं उन्हात उभी राहिलेय मी. क्विंटल मला कुणी शिकवायला नको.”

“बरं बाई लीडर. रंगवतो मंग. यल्ला, ठिवतो.”

मिनिटभराचंही बोलणं नव्हतं. मी फोन ठेवला आणि पुढच्या कागदाला नंबर दिला.

ते क्विंटल नव्हतं. ते हंड्रेडवेट होतं. नावात शंभर असलेलं आणि कशाचंच शंभर नसलेलं इंग्रजी वजन. एकशे बारा पौंड. आपल्या मापाने पन्नास किलो आणि वर आठशे ग्रॅम. असे तीस म्हणजे पंधराशे चोवीस किलो. मी तीन हजार सांगितले होते. आमच्याकडे शंभर आणि वजन हे दोन शब्द जवळ आले की डोकं सरळ क्विंटलवर जातं, कारण कांदा क्विंटलने, सोयाबीन क्विंटलने, पत्रकातली प्रत्येक ओळ क्विंटलने. मनिलाच्या माणसाने ही चूक केली नसती. त्याला काही सुचलं नसतं आणि त्याने साहेबाला विचारलं असतं.

बीमने सहा महिने काढले. जुन्या कारागिरांनी लोखंडात भरपूर वाव ठेवलेला असतो, शिक्क्यापेक्षा जास्त ओझं दिलं तरी ते लगेच तुटत नाही. म्हणून कुणाला काही कळलं नाही. प्रत्येक वेळी थोडं थोडं फाटत गेलं असणार. एका बुधवारी सकाळी चोवीसशे किलोंचा पाइपांचा गठ्ठा उचलला तेव्हा एका टोकाचा जोड सुटला. गठ्ठा कंबरेएवढ्या उंचीवरून खाली आला. खाली कुणी नव्हतं. ओझ्याखाली मामा कुणाला उभंच राहू देत नसत. पण एक पाइप घरंगळत दूर गेला आणि एका नेपाळी फिटरचा घोटा चिरडला. तो ओरडला नाही म्हणे. खाली बसला आणि बुटाकडे बघत राहिला.

हे मला गुरुवारी कळलं, रिपोर्टाचा मसुदा नंबर टाकायला माझ्याकडे आला तेव्हा. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होतं: रिगर फोरमनने क्षमतेचा शिक्का चुकीचा वाचून चुकीचा आकडा रंगवला. त्याखाली शिफारस: कार्ड रद्द करून परत पाठवावे.

कार्ड म्हणजे रिगरचा परवाना. ते निष्काळजीपणाच्या शेऱ्यासह रद्द झालं की त्या वयाच्या माणसाला आखातात कुणी हुकाला हात लावू देत नाही. मामांचं काय जाणार होतं ते मला त्या रकान्यातच दिसलं. नोकरी तर जाणारच होती. त्याखेरीज अकरा वर्षं न पडलेला बोल्टही जाणार होता.

रिपोर्टात माझं नाव कुठेच नव्हतं. चौकशीत मामांना विचारलं होतं, आकडा कुणी सांगितला? मामा म्हणाले होते, मीच वाचला.

आणखी एक गोष्ट रिपोर्टात नव्हती. जुनं सामान वापरात घ्यायच्या आधी बाहेरचा तपासनीस बोलवून त्यावर वजन टांगून बघावं लागतं, मग प्रमाणपत्र मिळतं, मग ते हुकाला लागतं. या आठ नगांची तपासणी झालीच नव्हती. रजिस्टर मीच ठेवत होते, रकाना रिकामा होता. मी दोनदा ईमेल केली होती. उत्तर आलं नव्हतं. तपासणी झाली असती तर माझी चूक दहा मिनिटांत उघडी पडली असती आणि एका माणसाचा घोटा शाबूत राहिला असता. हे म्हणजे चोराने काटा हलवला आणि काटा तपासायचं खातं झोपा काढत होतं, असं झालं. फक्त या वेळी काटा हलवणारी मी होते.

शुक्रवारी सुट्टी. मी घराबाहेर पडले नाही. इंग्रजांची वजनं वाचत बसले.

संताप आला. आजही येतो. सोळा औंसांचा पौंड. चौदा पौंडांचा स्टोन. दोन स्टोनांचा क्वार्टर. चार क्वार्टर म्हणजे हंड्रेडवेट. वीस हंड्रेडवेट म्हणजे एक टन, बावीसशे चाळीस पौंडांचा. दहाचा पत्ता नाही कुठे. मग अमेरिकेत गेलेल्यांना अक्कल आली आणि त्यांनी हंड्रेडवेट खरंच शंभर पौंडांचं केलं, टन दोन हजारांचा केला, पण नावं तीच ठेवली. त्यामुळे एकाच नावाचे दोन टन झाले, आणि आपला हजार किलोंचा टन धरला तर तीन. एक हजार सोळा किलोंचा, नऊशे सात किलोंचा आणि हजाराचा. कागदावर नुसतं ‘टन’ लिहिलं की तुम्ही काय उचलताय ते तुम्हालाच माहीत नाही.

सोन्याचं तर वेगळंच. सोन्याला दुसरा औंस, साध्या औंसापेक्षा जड, एकतीस ग्रॅमांचा. साधा औंस अठ्ठावीस ग्रॅमांचा. पण सोन्याच्या पौंडात औंस बाराच, म्हणून सोन्याचा औंस जड आणि सोन्याचा पौंड हलका. एक पौंड कापूस एक पौंड सोन्यापेक्षा जड भरतो. एवढा घोळ करून ठेवलेली माणसं दीडशे वर्षं आपल्याला शिस्त शिकवत होती.

मग मला आठवलं की आपल्याकडेही मण गावागणिक वेगळा होता. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा, बंगालचा ब्याऐंशीचा. संताप तिथे जरा लटपटला.

आणि खंडी सापडली. मराठवाड्यात आजही कापसाच्या रुईचा भाव खंडीवर निघतो. खंडी म्हणजे तीनशे छप्पन किलो. हा काय आकडा आहे, असं मला पत्रकं लिहितानाही वाटायचं. आता कळलं. सातशे चौऱ्याऐंशी पौंड. एकशे बारा गुणिले सात. बरोबर सात हंड्रेडवेट. म्हणजे ज्या वजनाने मामांचा घात केला, ते त्यांच्या गावच्या जिनिंगच्या दारात शंभर वर्षं बसून होतं. आणि मी वजनांची तज्ज्ञ.

फ्लॅटमधल्या माझ्या नर्स मैत्रिणीचा न्हाणीघरातला काटा कुठल्याशा इंग्रज सहकाऱ्याने जाताना दिलेला होता. स्टोनमध्ये दाखवायचा, बदलायचं बटण बिघडलेलं. त्यावर मी रोज उभी राहत होते आणि रोज तो आकडा बघून चिडत होते. त्या दिवशी उभी राहिले: आठ स्टोन. आठ चोक बत्तीस, हातचे तीन. एकशे बारा पौंड.

मी स्वतः एक हंड्रेडवेट होते. त्या बीमवर माझ्यासारख्या तीस जणींना जागा होती. मी साठ जणींना परवानगी देऊन बसले होते. बुधवारी त्यावर सत्तेचाळीस जणी चढल्या.

रविवारी मी निवेदन घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमचे सेफ्टी हेड, मामांचे ‘साहेब’. पुण्याचे, इथे बायको-मुलीसह बारा वर्षं. दार बंद असलं की आमचं बोलणं मराठीत.

“हे काय आहे?”

“निवेदन.”

“अगं, चार पानं आहेत. आणि हा तक्ता? ग्रेन, ड्रॅम, औंस… सोन्याचा औंस कशाला घातलास यात?”

“फरक कळावा म्हणून.”

“कुणाला? आपण पाइप उचलत होतो, मंगळसूत्र नाही.” त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे आकडा तू सांगितलास.”

“हो. फोनवर. आणि दुसरा परिच्छेद वाचलात का? तपासणी झालीच नव्हती. माझ्या दोन ईमेल जोडल्यात.”

“वाचला. तो काढ.”

“का?”

“कारण तो असला तर हा कागद माझ्या टेबलावरून वर जाणारच नाही. मग तुझा पहिला परिच्छेदही जाणार नाही.” ते खुर्चीत पुढे सरकले. “ऐक. एक ओळ लिही. हंड्रेडवेटचं किलोत रूपांतर मी तोंडी सांगितलं. खाली सही. तुला वॉर्निंग लेटर येईल, बाकी काही नाही. चुकीचं वाचलं हा शेरा निघेल, मामाचं कार्ड राहील, तो यार्डात राहील. एवढं मी करू शकतो. तेही लवकर केलंस तर.”

“आणि तपासणी?”

“ते मी बघतो.”

“बघतो म्हणजे?”

“बघतो म्हणजे बघतो. सगळं आजच पाहिजे का तुला?”

“सर, ही एक ओळ म्हणजे दिशाभूल आहे. वाचणाऱ्याला वाटेल की एका मुलीने फोनवर चूक केली आणि बीम पडला.”

“केलीस ना चूक?”

“केली. पण तेवढ्याने पडला नाही.”

“तू पत्रक लिहितेयस,” सर म्हणाले, आवाज न चढवता. “मी एक माणूस वाचवायला बघतोय. ठरव काय ते.”

मी निवेदन उचललं आणि बाहेर आले. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला होता. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला होता.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी बिरकत अल अवामेरला गेले. तिथे कामगारांच्या राहायच्या इमारती, एक दुसरीपासून वेगळी ओळखता येऊ नये अशा. फाटकातून बाईला आत सोडत नाहीत. मामांना समोरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. ते धुतलेला शर्ट घालून आले. त्यांना कामावरून बसवून ठेवलं होतं.

“तू कामून आलीस हिकडं? हितं बायामाणसं येत न्हाईत.”

“मामा, तो आकडा माझा चुकला.”

“ठावं हाय. साहेबानं त्याच दिशी सांगितलं, तीस म्हंजे दीड टन.” त्यांनी कागदी कपातल्या चहावर फुंकर घातली. “म्या म्हणलं, मायला, ताई बी गंडली.”

“मग माझं नाव का नाही घेतलंत?”

“तुजं नाव घिऊन बीम काय पुन्ना वर जानार व्हता?” मग म्हणाले, “आन् रंगाचा ब्रश तं माज्याच हातात व्हता. म्या इचारलं, पक्कं ना. तू म्हणलीस पक्कं. मला बी घाई व्हती. फिटरला बघून आलो काल. घोट्यात सळई घातलीय. त्येनं मलाच इचारलं, मामा, जेवलास का?”

मी त्यांना खंडीचं सांगितलं. सात हंड्रेडवेट. मामा तरुणपणी जिनिंगमध्ये गठाणी उचलायला होते.

“तीनशे छप्पन!” ते एकदम हसले. “आयला, म्या मालकाला इचारलं व्हतं एकदा, साडेतीनशे कामून न्हाई, चारशे कामून न्हाई? तर म्हणला, बापजाद्यापासून हाय, उचल गुमान. हे असं हाय व्हय ते!” हसू बराच वेळ त्यांच्या तोंडावर राहिलं. मग गेलं. “साहेब म्हणत व्हता, तू एक वळ लिवली तं कार्ड ऱ्हाईल.”

“ती अर्धीच गोष्ट आहे मामा. तपासणीचं त्यात नाही.”

“मला अर्धीच पायजे. माज्या नावाम्होरं ‘चुकीचं वाचलं’ नगं. उरलेली अर्धी तू मागून लिव.”

“मागून लिहू देणार नाहीत.”

“मंग नगं लिवू. पर ही लिव.”

“आणि बाकीचे सात नग? तेही बिनतपासणीचेच आहेत. उद्या त्यांतलं एखादं कुणाच्या डोक्यावर आलं तर?”

“त्या सातीवर म्या बुधवारीच लाल फुल्या मारल्यात. कुणी हात लावायचा न्हाई.”

“तुम्ही गेल्यावर तुमची फुली कोण मानेल?”

“म्हणून तं म्हणायलोय ना बाई,” मामा म्हणाले, “मला ऱ्हाऊ दे.”

कुठल्याही सरळ डोक्याच्या माणसाने तिथेच, त्या टपरीच्या फळीवर, ती ओळ लिहिली असती. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “विचार करते.” वर हेही म्हणाले की आपण एकदा वाकलो की दरवेळी वाकवतील. ‘आपण’ म्हणाले. फाटकाच्या आत राहणारे ते, मेट्रो धरून अल मन्सूराला जाणारी मी.

“बघ मंग,” मामा म्हणाले. “लवकर बघ.” त्यांनी माझा कप माझ्या हातातून घेतला, आपल्या कपात घातला आणि डब्यात टाकला.

मंगळवार मी निवेदन सुधारण्यात घालवला. खरंच. चार पानांची तीन केली. सोन्याचा औंस काढला. तक्त्याला रेघा मारल्या, ईमेलींना परिशिष्ट अ आणि ब अशी नावं दिली. इतकं चोख निवेदन मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. संध्याकाळी ते पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदा मला त्यात मामा शोधावे लागले. तिसऱ्या पानावर होते, ‘संबंधित फोरमन’ या नावाने.

बुधवारी सकाळी मी सरांकडे गेले आणि म्हणाले, द्या, एक ओळ लिहिते.

त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी लिहिलं, सही केली, तारीख घातली. सरांनी वाचून कागद फायलीत लावला. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“काल दुपारच्या विमानाने गेला तो,” ते म्हणाले. “वरून आदेश आला, दोन तासांत बॅग भरायला लावली. मी तुला लवकर म्हटलं होतं.”

“मग आत्ता सही का घेतलीत?”

“तूच म्हणत होतीस ना, खरं काय ते रेकॉर्डवर पाहिजे म्हणून? आलं रेकॉर्डवर.”

ते टोमणा मारत नव्हते. दमले होते. मी त्यांना तीन पानांचं निवेदनही दिलं. त्यांनी घेतलं. त्याला नंबर मिळाला नाही. नंबर देणारी मीच आहे, पण ते माझ्याकडे आलंच नाही. मला वॉर्निंग लेटर आलं, त्याला मात्र मी नंबर दिला. करार मोडला नाही, परत पाठवलं नाही. मी अजून इथेच आहे. सात नग पुढच्या आठवड्यात भंगारात गेले. यार्डात नवा फोरमन आला. तो पिवळा आकडा घालायच्या आधी मला फोटो पाठवतो, आणि मी म्हणते, बघून सांगते. दोन-दोन दिवस लावते. तो वैतागतो.

मामांना फोन करायचं धाडस मला झालं नाही. दोन महिन्यांनी त्यांचाच आला. मागे कसलं तरी इंजिन चालू होतं.

“ताई, तू त्यो कागुद लिवला व्हतास म्हणं? ऑपरेटर सांगत व्हता.”

“लिहिला मामा.”

“फोटू धाड की. हितं एक एजंट हाय, ओमानचं काम बघतो. त्येला दावतो.”

मी सरांना विचारलं. ते फाइल माझ्यापुढे ठेवून बाहेर निघून गेले. मी फोटो काढून पाठवला. चार दिवसांनी पुन्हा फोन.

“त्यो म्हणला, तारीक बघा. बुधवारची घातलीस तू?”

“हो.”

“म्या मंगळवारीच निघालो की गं.”

“हो मामा.”

“त्यो म्हणला, मानूस गेल्यावरचा कागुद चालत न्हाई. फायलीत शेरा तसाच हाय म्हणला, निष्काळजी. एक दिस आगुदरचा आसता तं बघितलं आसतं.” ते माझ्यावर चिडलेले नव्हते. पावसाने एक दिवस उशीर केला तर माणूस जेवढं बोलतो तेवढंच बोलले. “फिटर कसा हाय?”

“काठी घेऊन चालतो. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसवलंय.”

“बरं झालं. बसून तरी हाय.” इंजिनाचा आवाज वाढला, त्यांना कुणीतरी हाक मारली. “येतो येतो,” ते तिकडे ओरडले. मग मला म्हणाले, “तुज्या कागदाचा फोटू ऱ्हाऊ दे का काढून टाकू? फोनात जागा ऱ्हायली न्हाई म्हणून इचारतो.”

मी म्हणाले, काढून टाका.